रेडा दंडाचा की भेटीचा?

लिनुंगान, ४ मार्च

दोनू,

एरवी पत्राच्या सुरुवातीला मी तुझी तब्येत विचारते. या वेळी ती चोंगच्या दुकानातल्या रेडिओनंच सांगितली. ‘लिनुंगानचे आमदार दोनातुस माजिंबुन यांनी सूप पक्ष सोडून जहाज पक्षात प्रवेश केला.’ बोलणारी बाई इतकी थंड होती की मला वाटलं, पुढं उद्याचं हवामान सांगेल. मी मीठ घ्यायला गेले होते. दुकानातलं कुणी माझ्याकडं बघेना. चोंगनं मीठ पुडीत बांधलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं.

खरं आहे का हे? तिथूनच फोन केला असता. पण चोंगच्या फोनवर बोलणं म्हणजे चर्चच्या पायरीवर उभं राहून बोलणं. म्हणून पत्र.

संध्याकाळी गाव बसलं. गाइबिन काका आता गावप्रमुख झाल्यापासून उभे राहून बोलतात. म्हणाले, “त्या दगडावर हात ठेव म्हणून कुणी सांगितलं होतं का त्याला?” खरंच कुणी सांगितलं नव्हतं. निवडणुकीची सभा संपली होती, गोंग वाजत होते, तापाईच्या दारूचा रांजण तळाला गेला होता, आणि तूच उठून नदीकाठच्या शपथेच्या दगडाकडं धावलास. ‘हे सूप सोडीन तर माझ्या भाताचं गवत होवो!’ उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. दोनू, तुझं भात आहेच कुठं? बाबांनी वाटणी केली तेव्हा तू शहरातलं शिक्षण घेतलंस आणि मी खाचर घेतलं. तुझ्याकडं बाग आहे, तीसुद्धा सिमेंटची. शपथ तुझी आणि भात माझं!

तर मोडल्या शपथेनं गाव तापलंय असं ठरलं. पंप बंद पडला तो तुझ्यामुळं, गाइबिन काकांच्या नातवाला ताप आला तो तुझ्यामुळं. फादर समजवायला गेले, “देव माफ करतो.” तर काका म्हणाले, “देव करेल हो, त्याला कुठं इथं राहायचंय!”

सोगितचा दंड ठरला तो असा. एक रेडा. तुझा स्वतःचा. त्याचं दावं तू स्वतः धरून आणायचं, काय केलंस ते सगळ्यांसमोर तोंडानं सांगायचं, आणि मग सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवायचं. एवढं केलं की गाव थंड. तोवर शपथ घेणाऱ्याचं घर तापलेलं, म्हणजे माझं. माझ्याकडं कापणीला कुणी येणार नाही. मी या वर्षी अकरा घरांच्या लावणीला वाकले आहे, दोनू. भात पिवळं पडायला लागलंय. आम्ही नवराबायको दोघंच, त्यात पाउलुसची कंबर तुला माहीत आहे.

खरं काय ते लिही. आणि लवकर ये.

जुलिता


कोटा किनाबालू, १२ मार्च

प्रिय आका,

खरं आहे.

तुला ते रेडिओवरून कळलं याचं वाईट वाटतं. मी कळवणार होतो. पण इथं आठवडाभर अशी धावपळ होती की जेवायला बसलो तरी कुणीतरी कोपराला धरून उठवायचं. आमचं सरकार पडलं. पडलं म्हणजे वाळूच्या बांधासारखं पडलं; सकाळी जो माझ्या शेजारी बसून शपथा खात होता, तो दुपारी समोरच्या बाकावर. मी शेवटच्या काहींतला. विरोधात बसून मी पाच वर्षं काय करणार होतो? पूल मागणार आणि ते हसणार.

तू नदी विसरलीस का? पाणी चढलं की मुलांची शाळा बंद. दोमिनिकची बायको अडली होती तेव्हा पलीकडच्या काठावर डॉक्टर उभा होता, फक्त उभा होता. मला पूल हवा होता. जहाजवाले म्हणाले, ये आणि पूल घे. मी गेलो. गोष्ट एवढीच आहे आणि ती सांगायला मला लाज वाटत नाही.

शपथही मी विसरलेलो नाही. रेडा पाठवतोय, चांगला भरलेला. मला स्वतःला या महिन्यात हलता येणार नाही, बैठकांवर बैठका आहेत. काकांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, दोनू अजून गावाचाच आहे.

पाउलुसच्या कंबरेसाठी मलम पाठवतोय.

तुझा दोनू


लिनुंगान, २९ मार्च

दोनू,

मलम मिळालं. रेडाही मिळाला.

रेडा ट्रकमधून आला. शिंगांना जहाजाचे झेंडे, गळ्यात कागदी फुलांचा हार, मागं दोन फोटोवाले. इकडं बघा, तिकडं बघा, हसा. सगळं गाव नदीकाठी जमलं. गाइबिन काकांनी ड्रायव्हरला विचारलं, “काय रे, हा रेडा दंडाचा की भेटीचा?” त्या बिचाऱ्याला काय कळणार! त्यानं खिशातून कागद काढून वाचला: ‘लिनुंगानच्या लाडक्या जनतेस, जहाज पक्षाकडून सप्रेम.’

झालं. काका म्हणाले, “दंडाचे फोटो काढत नाहीत, आणि भेटीनं गाव थंड होत नाही.” दंड म्हणून कापावा तर तो तुझा नाही, पक्षाचा. भेट म्हणून खावा तर गाव जहाजाचं मिंधं झालं. परत पाठवावा तर ट्रक केव्हाच पळाला. ओदू सुमिंगाला विचारलं. ती म्हातारी अजून जुने मंत्र म्हणते, तिला अशा गोष्टी कळतात. ती रेड्याभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, “असला रेडा मी उभ्या जन्मात पाहिला नाही,” आणि घरी गेली.

मग रेडा कुणाचा? ‘ज्याच्या घरातून आला त्याच्याच घरी ठेवा.’ म्हणजे माझ्या. पोरांनी त्याचं नाव वायबी ठेवलंय. तुला शहरात मानानं वायबी म्हणतात ना, तेच. काल तो दावं तोडून खाचरात शिरला, तर साऱ्या गावभर पोरं ओरडत सुटली, “वायबी भात खातोय! वायबीला हाकला!” मी काठी घेऊन धावले. मला हसूही येत होतं आणि रडूही. शेवटी बांधावर बसून रडलेच.

अजून एक. चोंगनं सुकी मासळी ज्या वर्तमानपत्रात बांधून दिली, त्यात तुझा फोटो होता. उपमंत्री झालास म्हणे. मासळीचं तेल लागून अर्धा चेहरा गेला होता, पण टाय नवा होता हे दिसलं. तुझ्या पत्रात पूल होता, नदी होती, दोमिनिकची बायको होती. खुर्ची नव्हती.

भात पिकलंय. पाखरं यायला लागली.

जुलिता


कोटा किनाबालू, ६ एप्रिल

आका,

हो, खुर्ची मिळाली. लिहिलं नाही, कारण तू असंच लिहिणार हे माहीत होतं. पूल खुर्चीतून येतो, आका, नदीतून उगवत नाही. गाइबिन काका सोगित सांगणारे कोण? त्यांच्या जावयाला रस्त्याचं काम हवं होतं तेव्हा ते माझ्या दिवाणखान्यात तीन कप कॉफी पिऊन गेले, तेव्हा गाव तापलं नव्हतं का?

रेड्याचं मला खरंच माहीत नव्हतं. मी सचिवाला म्हणालो होतो, एक रेडा घे आणि गावी पोचव. बाकीचं डोकं त्यानं चालवलं. त्याला वाटलं, चांगली संधी आहे.

आता रागावू नकोस, ऐक. मला इथं एका जागी बसवत नाही. जुने सोबती सभागृहात मला बघून बेडकासारखं ‘डराव’ करतात. परवा माझ्या टेबलावर कुणीतरी रबराचा बेडूक ठेवला होता. मी हसून तो खिशात टाकला, कारण हसलो नसतो तर रोज एक ठेवला असता. आणि नवे सोबती? मी खोलीत गेलो की बोलणं थांबवून चहा विचारतात. एकदा उडी मारली म्हणजे पुन्हाही मारेल, हे त्यांच्या डोळ्यांत दिसतं. चार चार बाटल्या बिअर पितो, उठतो, फिरतो, परत बसतो. गावात कुणी माझ्याबद्दल विचारतं का? वाईट नाही, साधं, ‘दोनू कसा आहे’ असं?

मी यायचं ठरवलं होतं. स्वतःचा रेडा घेऊन, एकटा. गाडीसुद्धा सांगितली होती. पण वर कुणकुण लागली. मला बोलावून म्हणाले, “दंड भरलात म्हणजे चूक केली असं कबूल केलंत. तुम्ही चूक केलीत म्हणजे आम्ही चोर. उद्या पेपरात काय छापून येईल?” खुर्चीचं नावही काढलं नाही त्यांनी. काढायची गरज नव्हती.

आता सांग, मी काय करू? कापणीला मी बाहेरून मजूर पाठवतो. एवढं तरी घे.

दोनू


लिनुंगान, ३० एप्रिल

दोनू,

तू पाठवलेले मजूर परत पाठवले. ज्या खाचरात गावाचा हात लागत नाही त्यात भाड्याचा हात लावला, तर पुढच्या वर्षीही कुणी येणार नाही. हे तुला कळायला हवं होतं. पूर्वी कळलं असतं.

आम्ही दोघांनीच कापलं. चौथ्या दिवशी पाउलुस वाकला तो सरळ झालाच नाही. आता चटईवर पडून छताशी बोलतो. मग मी एकटी. शेवटी शेवटी ओदू सुमिंगा आली, म्हणाली, “मी म्हातारी, मला कुठली उष्णता बाधणार!” दिवसभरात तिच्यानं टोपलीभर होतं, पण कुणीतरी शेजारी खोकत होतं एवढं खूप झालं. निम्मं भात पडलं. पडलं होतं तिथंच लोंब्यांना मोड आले. त्याचं खरंच गवत झालं, दोनू.

तू विचारलंस ना, कुणी विचारतं का. मी विचारते. रोज. तू कसा आहेस?

काय करू म्हणून मला विचारू नकोस. ये.

जुलिता


लिनुंगान, ९ जून

दोनू,

तुझं उत्तर नाही. कापणीच्या सणाला तरी येशील असं वाटलं होतं. तापाई घातली होती, बांबांगानचं लोणचं काढून ठेवलं होतं. असो.

आता इथलं ऐक. मागच्या आठवड्यात पलीकडच्या काठावर दोन पिवळी यंत्रं येऊन उभी राहिली. नुसती उभी आहेत, अजून खड्डाही खणलेला नाही. पण तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरावर जहाजाचा झेंडा. तिसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरावर. खडीचं काम काकांच्या जावयाला मिळालंय असं ऐकते.

गाव पुन्हा बसलं. काका म्हणाले, “दोनातुसला आपल्यापेक्षा लांबचं दिसलं. आता आपण सगळे एकाच जहाजात. कुणी कुणाला दंड करायचा?” कुणीतरी हळूच म्हणालं, “आणि दगड?” तर काका म्हणाले, “दगड काय, दगडच!” सगळे हसले. हेच काका मार्चमध्ये त्या दगडाजवळून चपला काढून जात होते.

मग वायबीला कापलं. भेटीचा म्हणून. मला बोलवायला चार बायका आल्या, माझ्या कापणीला न आलेल्या त्याच चार. “चल जुलिता, मान तुझा आहे,” म्हणाल्या आणि हात धरून नेलं. केळीच्या पानावर सगळ्यात चांगला वाटा मला वाढला. त्या जनावराला मी दहा आठवडे गवत घातलं होतं. पण खरं सांगू? हात थांबला तो त्याच्या मायेनं नाही. मला वाटलं, हे सगळं इतकं सोपं होतं तर माझं भात कशासाठी पडलं? पाउलुसची कंबर कशासाठी गेली? मी पान मुडपून उठले. आता सगळ्या म्हणतात, जुलिताला गर्व चढलाय, भाऊ मंत्री झाला ना.

तुला आता बोलावणं येईल. हार घालतील, गोंग वाजवतील. काही विचारणार नाहीत. म्हणून आधीच लिहून ठेवते, तसा येऊ नकोस.

जुलिता


कोटा किनाबालू, २१ जुलै

आका,

तसाच आलो. तुला कळलंच असेल.

पायाभरणी होती, न येऊन चाललं नसतं. पत्र वाचलं होतं, खिशात होतं. तरी मनात म्हणत होतो, गेल्यावर कुणीतरी एक माणूस उठेल आणि मला शिव्या देईल. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, चांगलं होतं. पण कुणी उठलंच नाही. काकांनी मला मिठी मारली. पोरींनी नाच केला. ज्या दोमिनिकच्या नावानं मी सगळीकडं पूल मागत फिरलो, त्यानं माझ्या बुटावरचा चिखल स्वतःच्या रुमालानं पुसला. मी पाय मागं घेतला तर तो घाबरला, काही चुकलं का म्हणून.

तुझ्या घरी आलो तर दार ओढलेलं. आतून पाउलुस म्हणाला, “ती वरच्या मळ्यात गेलीय.” मी म्हटलं, “कधी येईल?” तो म्हणाला, “तू गेल्यावर.” मग स्वतःच हसला आणि म्हणाला, “आत ये, पाणी पी.” मी आत गेलो नाही. पायरीवर बसलो. बरोबरचे लोक घड्याळं बघत होते. मला खूप राग आला होता आणि तो कुणावर आहे तेच कळत नव्हतं. तुझ्यावर नव्हता.

परतताना गाडीत सचिव म्हणाला, “सर, लिनुंगान तर आता आपला बालेकिल्ला.” मी गाडी थांबवायला लावली. उतरून एकटाच रस्त्यानं चालत राहिलो.

गावानं मला सोडून दिलं, आका. पण मी सुटलो नाही. मला आत काहीतरी पोळतंय, आणि थंड करणारी माणसं सगळी हार घेऊन उभी आहेत. तुला ते पटलेलं नाही, म्हणून तुलाच विचारतो. सोगित तू ठरव. तू सांगशील ते.

दोनू


लिनुंगान, ४ ऑगस्ट

दोनू,

त्या दिवशी मी मळ्यात नव्हते. स्वयंपाकघरात होते, भिंतीआड. पायरीवरचं तुझं डोकं मला फटीतून दिसत होतं. मागून टक्कल पडायला लागलंय. दोनदा बाहेर यावंसं वाटलं.

सोगित ठरवणारी मी कोण? पण ओदू सुमिंगाला विचारलं. ती म्हणाली, “गाव मिटलं असेल, घर मिटायचंय. भावाबहिणीत रेडा कशाला, कोंबडी पुरते.”

तर एक कोंबडी. विकत आणलेली नको. अंड्यातून निघाल्यापासून तू हातानं दाणे घातलेली. सचिवानं घातलेले नव्हेत, माळ्यानंही नव्हेत. तुला रोज कुणासाठी तरी वाकायला लागावं एवढंच त्यात आहे. मोठी झाली की घेऊन ये. ड्रायव्हर नको, फोटोवाले नकोत. पाउलुस, मी आणि ओदू, तिघांसमोर काय केलंस ते सांग. ‘विकासासाठी’ हा शब्द न वापरता. मग जेवू.

तोवर माझ्या घरात तुला पाणीही मिळणार नाही. हे दोनदा खोडलं, पण लिहिते.

जुलिता


कोटा किनाबालू, १४ सप्टेंबर

आका,

उपमंत्र्याच्या बंगल्यात खुडूक कोंबडी बसवणं किती अवघड असतं हे मी आता कुणालाही सांगू शकतो. ड्रायव्हरच्या सासूकडून कोंबडी आणि अंडी आणली. चार खराब निघाली, दोन पिल्लं मांजरानं नेली. एक राहिलं. पिवळं होतं, आता मळकट दिसतं. सकाळी फायलींच्या आधी मी त्याला कणी घालतो. बूट वाजले की ते पळत येतं. किती दिवसांत कुणी माझ्याकडं काही न मागता असं पळत आलं नव्हतं. म्हणजे, कणी मागतंच ते.

परवा घरी पाहुणे होते, दोन पत्रकारही. एकानं गमतीनं विचारलं, “सर, कोंबड्यांचा धंदा का?” उत्तर सोपं होतं, हसायचं आणि विषय बदलायचा. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही, सोगितची आहे. मी शपथ मोडली. पूल हवा होता हे खरं, पण खुर्चीही हवी होती, आणि आधी खुर्ची हवी होती.” दुसऱ्या पत्रकारानं वही काढली.  तिघांसमोर सांगायचं ते मी तिथंच सांगून बसलो. पण तुमच्यासमोरही सांगेन.

सकाळी पेपरात आलं. सोमवारी वर बोलावलंय, खुलासा घेऊन या म्हणून. खुर्ची जाईल बहुतेक. पूल जाऊ नये एवढी प्रार्थना कर; गाइबिन काकांचा जावई त्यात आहे म्हणजे कदाचित जाणार नाही. सूपवालेही मला परत घेणार नाहीत आणि मीही जाणार नाही. आता उड्या पुरे.

सोमवारी मी जाणार नाहीये. मी शनिवारच्या बसनं निघतोय. पिल्लू जेमतेम मुठीएवढं आहे, सोगितला चालायचं नाही हे मला कळतं. पण ते मोठं होईपर्यंत इथं थांबलो तर मी पुन्हा कुणाचं तरी ऐकेन, मला माझी खात्री नाही. मी माझे तांदूळ घेऊन येतो. तुझ्या घरातलं पाणी मागणार नाही. भाताच्या कोठाराखाली झोपेन, तिथंच त्याला वाढवीन. चालेल का?

दोनू


लिनुंगान, १७ सप्टेंबर

दोनू,

हे चोंगच्या ट्रकबरोबर पाठवतेय, निघायच्या आत मिळेल.

कोठाराखाली जागा झाडून ठेवली आहे. पाणी नदीचं पी, ती कुणाच्या बापाची नाही. नुसतं बसून राहायचं नाही. लावणी सुरू झाली आहे, पाउलुस अजून उठत नाही आणि मला एक माणूस हवंय. टाय आणू नकोस. पिल्लाला पावसात भिजू देऊ नकोस.

दोघंही मोठे व्हा, मग जेवायला बसू.

जुलिता